तिरपा काप

सिंदेवाही रोडवर, आरा गिरणीच्या मागच्या खोलीत
पावतीबुकांच्या कपाटाला टेकून माझा कॉम्प्युटर आहे.
दिवसा तो घनफूट मोजतो.
रात्री आठनंतर, आऱ्याची मोटर निवली की
एका ओळीचं गणित करत बसतो:
आकड्याचा वर्ग कर, एक ठरलेला आकडा मिळव,
जे आलं त्याचा पुन्हा वर्ग.
पळून गेला तर रंग,
राहिला तर काळा.

आकडे मात्र चार लागतात.
दोन सांगतात, निघायचं कुठून.
दोन सांगतात, दर फेरीला काय मिळवायचं.
पडद्याला दोनच बाजू,
म्हणून दोघांना खिळा ठोकून बसवतात
आणि उरलेल्या दोघांचं चित्र काढतात.
असंच निघालं ते सगळ्यांनी पाहिलेलं फ्रॅक्टल:
पोट, पोटावर डोकं, अंगभर कोंब,
मातीतून नुकत्या काढलेल्या हळकुंडासारखं.
खिळे बदलले की निघतात भोवरे, भुकटी, फाटे.
ही दोन्ही पानं एकमेकांना
एका बिंदूत शिवतात, फक्त एका.
हे मला समजायला दोन उन्हाळे लागले.

लहानू कोहपरे ओंडका गाडीवर चढवण्याआधी
त्याच्याभोवती एक फेरी मारतात.
तळवा सालीवर. बोलत नाहीत.
एकदाच म्हणाले होते,
"आडवं कापलं तं कडे. उभं कापलं तं वारूळ.
तिरपं कापलं तं काय निंगन,
थे पातं सांगन."

त्या रात्री मी खिळे उपटले.
चौघांनाही थोडं थोडं वळू दिलं.
तिथं वळायच्या दिशा सहा,
आणि वळताना आस नसतो,
अख्खं एक पान जागच्या जागी थांबतं
आणि बाकीचं त्याच्याभोवती फिरतं.
डोकं दुखतं. माठाकडे दोनदा जाऊन येतो.

दहा अंशांवर पोट पातळ झालं.
वीसवर कोंब लांबले,
बांधीतल्या पऱ्ह्यासारखे एका बाजूला कलले.
मग निघायचा आकडा साधा, मिळवायचाही साधा,
असा काप घेतला
आणि पडद्यावर वारूळ उभं राहिलं!
सागाच्या फळीवर येतं तेच, तसंच टोक, तशाच उतरत्या कडा.
फक्त खाली, उणे दोनच्या पलीकडे
काळं सगळं धाग्याधाग्यानं सुटलेलं,
वाळवीनं आतून खाल्ल्यासारखं.

शनिवारी लहानूकाका हप्ता घ्यायला आले.
पडद्यासमोर मान तिरकी केली,
मग आणखी तिरकी.
"कोन्या झाडाचं हाय हे?"
झाड नाही, काका. आकडे आहेत, चार.
"बुडखा कुठी हाय?"
मी गप्प.
"म्हंजे फळ्याच पाहून राहिला तू."
झाड नाहीच ना पण.
"फळ्या निंगून राहिल्या न?"
पैसे मोजले, घडी करून बंडीच्या खिशात घातले.
दारातून वळले.
"नंबर घातले का?
कापताना घालाव लागते खडूनं.
मंग कोनती कुठची, देवालेबी समजत नाही."

घातले नव्हते.
चारशे चित्रं, नावं नुसती
छान, छान दोन, निळं, हे पुन्हा पाहणे.

आता जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहितो:
कोणत्या दोघांत वळवलं, किती अंश,
केंद्रापासून किती सरकून.
चित्र वरून खाली उतरतं, एकेक ओळ,
भुशाचा वास अजून खोलीत असतो,
बाहेर ओंडके सालीसकट पडलेले.
कधी उठून एखाद्यावर तळवा ठेवून पाहतो.
मला काही कळत नाही.

पावती ४१२, मागची बाजू.
काप सदतिसावा.
अर्धा. लाईन गेली.